गडगा पाडणारा माणूस

भाईचा फोन आला तेव्हा मी मोरीशी बसून बांगडे साफ करत होते. हात बरबटलेले, म्हणून कोपराने फोन ओढून स्पीकरवर टाकला. "सुलू, विनू सुटला गो," भाई म्हणाला. भाई माझा थोरला भाऊ, राहतो डोंबिवलीत. विनू म्हणजे आमचा मधला, माझा विनूदादा. तो गेला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुढे चढावर असलेल्या आमच्या घरात, म्हणजे माझ्या घरापासून पूल ओलांडून रिक्षाने जावं एवढ्या अंतरावर. आणि ती बातमी आधी डोंबिवलीला गेली आणि तिथून माझ्याकडे परत आली. शेजारच्या सुमनवहिनींनी घरच्या कर्त्याला आधी कळवलं. कर्ता म्हणजे जो वर्षातून दोनदा येतो तो. "पडवीत झोपल्या जागीच," भाई सांगत होता. "वहिनी चहा घेऊन गेल्या तर… चला, सुटला एकदाचा. पण बघ ना, नेमकं गणपतीच्या तोंडावर." सुतकामुळे यंदा घरी गणपती आणता येणार नव्हता, याचं वाईट त्याच्या आवाजात मला स्वच्छ ऐकू आलं. भावाचं वाईटही असेल कुठेतरी. मला ते ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून हा 'सुटला' माझ्या मागे लागला आहे. दारात आलेली माणसं म्हणाली, सुटला बिचारा. चुलत्यांकडचे म्हणाले, तो सुटला आणि तुम्हीपण सुटलात. कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं एकाखाली एक येत राहिली आणि भाईने दादाचा फोटो टाकला तो कॉलेजातला, केसांचा कोंबडा काढलेला, आजारी पडायच्या आधीचा. म्हणजे त्यानंतर जो माणूस डोक्याला पंचा बांधून चाळीसेक वर्षं त्या बागेत वावरला, तो यांच्या लेखी झालाच नाही. मी दोन ओळी लिहिल्या ग्रुपवर. त्या काय होत्या ते इथे लिहीत नाही, संपादक कापतील. वहिनीने, म्हणजे भाईच्या बायकोने, मला वेगळा मेसेज केला की सुलूताई, अशा वेळी मन मोठं ठेवावं. मन मोठं ठेवायचा मला कंटाळा आला आहे. म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्यांना स्मृतिलेखात उदबत्तीचा वास लागतो त्यांनी पुढचं पान उलटलेलं बरं.

दादा हुशार होता, हे सगळे सांगतात, जणू हुशार नसता तर आजारी पडला तरी चाललं असतं. डिप्लोमा करून तो मुंबईला एका कारखान्यात लागला आणि भाईच्या खोलीवर राहू लागला. वर्ष-दीड वर्षात त्याला वाटायला लागलं की शेजारच्या मशीनवरची माणसं त्याच्याबद्दल बोलतात. मग ती माणसं घरी असतानाही बोलायला लागली. मग ती नळातून, पंख्यातून, भिंतीपलीकडून बोलायला लागली आणि त्यांना सगळं माहीत असायचं, त्याने काय खाल्लं, कोणाकडे बघितलं, लहानपणी काय चोरलं. एका सकाळी तो एसटीतून उतरून चालत घरी आला, पायात चप्पल नाही, आणि आईला म्हणाला, "मी आलो गो. तिकडे फार बोलतात." आईने त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि पेज वाढली. मी तेव्हा शाळेत होते. पेजेत त्याने मीठ घालू दिलं नाही हे मला आठवतं, मीठ कोणी कुठून आणलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे काही बिनसलं की देवाला कौल लावतात, देवीच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. उजवी पडली, डावी पडली, कोंबडे झाले, नारळ झाले, कोणी सांगितलं लग्न करा, कोणी सांगितलं विहिरीवरचं काहीतरी आहे. शेवटी आईनेच त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं. बाहेरगावची माणसं रत्नागिरी म्हटलं की आधी हापूस म्हणतात आणि मग डोक्याशी बोट फिरवून हसतात, ते मी जन्मभर बघत आले आहे. त्या हसणाऱ्यांना सांगते, तिथल्या गोळ्यांनी माझा भाऊ माणसात आला. आवाज गेले नाहीत, पण लांब गेले. तो म्हणायचा, "आधी कानात होते, आता गडग्यापलीकडे उभे असतात." गोळ्या नकोत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण गोळी आवाजाला लांब नेते, त्या लांब उभ्या असलेल्यांबरोबर दिवस कसा काढायचा ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. दादाने ते शोधलं होतं, आणि त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आता गडगा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण पुरवणी घाटावरही जाते. बागेच्या भोवती जांभ्या दगडाची कमरेएवढी भिंत असते. नुसती रचलेली. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड, म्हणजे चिऱ्यावर चिरा, आणि फटीत कपच्या. आमच्या कलमांच्या बागेभोवती असा गडगा आहे. दादा परत आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गणपतीत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि कोणी पाहुण्याने जेवताना त्याला विचारलं, "काय विनायकराव, आज कोण काय बोललं?" सगळे हसले. दादा ताटावरून उठला, हात न धुता बागेत गेला, आणि त्याने गडगा पाडायला सुरुवात केली. पहार घालून एकेक चिरा सुटा करायचा आणि मागे टाकायचा. काका धावले, त्याला धरा म्हणाले, खोलीत कोंडा म्हणाले. आई पडवीच्या पायरीवर उभी होती. ती म्हणाली, "पाडतोय तर पाडू दे. दुसऱ्याचा नाय ना पाडत?" आणि तो दमून बसला तेव्हा त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "पाडलास ना? मग आता तूच घाल." काळोख पडेपर्यंत तो दगड लावत होता. वर येऊन त्याने आमटी-भात मागून घेतला, आणि पाहुण्याच्या शेजारी बसून जेवला. पाहुण्याला मात्र घास जाईना.

तेव्हापासून ते सुरू झालं. डोक्यात गर्दी व्हायला लागली की तो गडग्याकडे जायचा. चांगला उभा असलेला, कुठे फुगलेला नाही की ढळलेला नाही, असा पट्टा निवडायचा, पायापर्यंत पाडायचा आणि पुन्हा घालायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे वेड वाटायचं. वाटणारच, धड भिंत कोण पाडतो? मी एकदा त्याला विचारलं होतं की दादा, तुला यातून काय मिळतं. तो चिरा हातात फिरवत होता, त्याचं तोंड शोधत होता. दगडाला तोंड असतं, म्हणजे जी बाजू बाहेर दिसायला ठेवायची ती. ते सापडल्याशिवाय चिरा बसत नाही. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांना माझ्यातलं सगळां कळतां. दगडातलं काय कळत नाय. मी तोंड शोधायला लागलो की गप बसून बघत राहतात मेली." आणि मग चिरा उलटा करून, "कधी कधी चुकीचा चिरा सांगतात. मी नाय ऐकत." असं म्हणून तो हसला. त्याचं हसू फार क्वचित दिसायचं, आणि बहुतेक वेळा ते त्या मेल्यांवरच असायचं.

त्याला स्वतःचं हवामान कळत होतं, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. चाकरमानी यायच्या आधी, वीजबिलाचा घोळ झाला की, कोणाकडे मयत झालं की, तो आधीच सावध व्हायचा. शिमग्यात पालखी घरी येते, ढोल-ताशे, खळ्यात पालखी नाचवतात, अख्खी वाडी अंगणात. तो आवाज त्याला झेपायचा नाही. पण त्याने कधी कोणाला ढोल बंद करा म्हटलं नाही. कानात कापूस घालून तो बागेच्या पार खालच्या कोपऱ्यात जायचा आणि तिकडचा गडगा काढायचा. इकडे देव नाचतोय, तिकडे हा दगड लावतोय. एका वर्षी मानकऱ्यांना वाटलं, याला दर्शन घडवावं, म्हणून ते पालखी घेऊन थेट कोपऱ्यात गेले. दादाने मान वर केली, पंच्याने हात पुसून पालखीला हात लावला, आणि म्हणाला, "झालां. आता जावा, माझं काम राहिलंय." मानकरी चिडले. मला वाटतं देवी चिडली नसावी, तिलाही तो ढोल किती दिवस ऐकावा लागतो.

हे वाचून कोणाला तो साधुपुरुष वाटत असेल तर तो गैरसमज लगेच काढून टाकते. दादा महा खडूस होता. गोड बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर मी आठवड्याचं सामान आणि रविवारी माशाचा डबा घेऊन जायचे. दोन वर्षं, सबंध दोन वर्षं, त्याचा समज होता की मी आमटीत काहीतरी घालते. डबा उघडून पहिला तुकडा तो मांजरीला घालायचा, माझ्यासमोर, आणि मांजर फिरते की पडते ते बघत बसायचा. मांजर माजली. मला इतका राग यायचा की एकदा मी म्हटलं, अरे विष घालायचंच असतं तर एवढा सरंगा महाग घेतला असता का? त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "तेच तर. एवढा महाग कशाला घेतलास?" रिक्षात बसून मी रडले आणि घरी येऊन हसले. पुढच्या रविवारी पुन्हा सरंगा नेला. त्याच्यावर प्रेम करणं हे काम होतं, आणि त्या कामाला सुट्टी नव्हती. जे लोक आता ग्रुपवर हात जोडतात त्यांनी ते काम एक दिवस केलेलं नाही.

इस्पितळात मध्यंतरी एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, घाटावरच्या. महिन्याच्या गोळ्या आणायला मी त्याच्याबरोबर जायचे. इतर डॉक्टर विचारायचे झोप येते का, आवाज येतात का, आणि लिहून द्यायचे, त्यांच्याकडे रांगच तेवढी असायची. या बाईंनी विचारलं, "आवाज वाढले की तुम्ही काय करता?" इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. दादा म्हणाला, "गडगा पाडतो." बाईंना वाटलं तोडफोड, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गडगा म्हणजे काय ते सांगितलं. मग त्यांनी त्याला विचारलं, "आणि पाडून झाल्यावर?" दादा त्यांच्याकडे असा बघू लागला की यांचं शिक्षण कुठवर झालंय. "मग काय, तसाच ठेवू? परत घालतो." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे सोडू नका. गोळी पण सोडू नका आणि हे पण सोडू नका." आणि मला म्हणाल्या, "ताई, घरच्यांना सांगून ठेवा, हे त्यांचं औषध आहे." मी सांगितलं. भाईला फोन करून, जसंच्या तसं सांगितलं. भाई म्हणाला, "हो हो." भाईचा हो हो आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात भाईच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, सुशिक्षित घर. लग्न तिकडेच, पण नंतर नव्या सुनेला गावदेवीच्या पाया पाडायला आणि घरात सत्यनारायणाला आणायचं, बरोबर तिची माणसं. मी तेव्हा माझ्या लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला होते. भाई आणि वहिनी आधी येऊन घर सजवत होते. भिंतींना रंग दिला, पडवीत फरशी घातली, आणि गडगा… रस्त्यावरून घराकडे वळताना पहिला तोच दिसतो, आणि त्याचा नेहमी कुठलातरी पट्टा उघडा पडलेला, दगड पसरलेले, आणि मध्ये पंचा बांधलेला एक म्हातारा. पुण्याची माणसं विचारणार, हे कोण आणि काय करतायत. भाईने गवंडी बोलावले आणि अख्ख्या गडग्याच्या फटी सिमेंटने भरून घेतल्या, वरून सिमेंटचा जाड थर दिला आणि त्याला पांढरा रंग दिला.

मी परत आले ते बाळ-बाळंतिणीला सोडून, कारण सुमनवहिनींचा फोन आला की विनूभाऊ जेवत नाहीत. सत्यनारायण होऊन गेला होता, पाहुणे गेले होते, भाई निघायच्या तयारीत होता. मी रिक्षातून उतरले आणि तो पांढरा गडगा बघितला. "हे काय केलंस?" मी भाईला विचारलं. तो खूश होता, खरंच खूश होता, हेच मला सहन होत नाही. म्हणाला, "कायमचं काम करून टाकलं बघ. ढोरं शिरायला नकोत, पडझड नको. आणि विन्यालाही आराम. किती वर्षं दगड उचलायचे त्याने? वय झालं आता." मी म्हटलं, मी तुला सांगितलं होतं डॉक्टर काय म्हणाल्या ते. तो म्हणाला, "अगो, ते काय औषध असतं होय? डॉक्टर आपलं मन राखायला म्हणतात." वहिनी आतून म्हणाली, "आणि सुलूताई, नवीन माणसांसमोर शोभतं का ते?" ते खरं उत्तर होतं. निदान तिने ते तोंडाने सांगितलं. आराम, ढोरं, पडझड हे सगळं भाईने त्याच्यावरून फिरवलेला रंगाचा हात होता.

दादा कोपऱ्यात उभा होता. हातात पहार होती. तो पहारीचं टोक फटीत घालायला बघत होता आणि फट नव्हती. पुढे सरकायचा, पुन्हा बघायचा, पुन्हा पुढे. असा तो अख्ख्या बागेला फिरला. मी त्याच्या मागून चालत होते. एकदाच थांबला आणि भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "सगळे सांधे बुजवलेनी गो."

वैशाखात तो पुरता ढासळला. आवाज गडग्याच्या अलीकडे आले, मग पडवीत आले, मग कानात. मी त्याला गाडी करून इस्पितळात नेलं. त्याने मला शिव्या दिल्या, माझा हात पिरगळला, गाडीवाल्याला सांगितलं की ही मला विकायला नेते आहे. पुन्हा वेळ आली असती तर मी पुन्हा नेलं असतं, त्याबद्दल कोणी मला शहाणपण शिकवू नये. तिथे त्याला सांभाळलं, डोस वाढवला, पावसाळ्यात घरी पाठवला. आला तो शांत, जड, पाय ओढत चालणारा. सगळ्यांना तो शांत विनू फार आवडला. भाई व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "किती छान वाटतो बघ." छान म्हणजे उठत नव्हता, बोलत नव्हता, कोणाच्या मध्ये येत नव्हता.

श्रावणात, पाऊस लागून राहिला असताना, उताराच्या बाजूचा पांढरा गडगा सबंध आडवा झाला. सुक्या गडग्यातून पाणी वाट काढून जातं. याला वाट नव्हती, मागे पाणी तुंबलं आणि भिंत बागेबाहेर झोपली. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी धावत पडवीत जाऊन दादाला सांगितलं, चल, पडला बघ. तो छत्री न घेता आला. पण पडले होते ते दगड नव्हतेच, चार-चार पाच-पाच चिरे सिमेंटने एकमेकांना धरून बसलेले मोठे ठोकळे होते. त्याने एकाला पायाने ढोसलं, वाकून हाताने उलटायचा प्रयत्न केला. ठोकळा हलला नाही. "ह्यांना आता तोंड नाय," तो म्हणाला, आणि छातीवर हात चोळत वर निघून गेला. तो हात मी बघितला. मला वाटलं, वाकल्यामुळे.

त्यानंतर त्याने तक्रार केली, आणि ती मला सोडून सगळ्यांकडे केली, कारण मी त्याला इस्पितळात नेलं म्हणून तो माझ्याशी बोलत नव्हता. डबा घ्यायचा, तोंड फिरवायचा. सुमनवहिनींना त्याने सांगितलं, छातीत चिरा बसलाय. वहिनी त्याला म्हणाल्या, "बसणारच, जन्मभर दगडच केलेत ना." भाईला फोनवर सांगितलं. भाई म्हणाला, "गोळी घेतलीस का?" शेजारचा कोणी कामाला जाताजाता त्याला जवळच्या एका दवाखान्यात सोडून आला. तिथल्या डॉक्टरांनी इस्पितळाची फाइल चाळली, छातीत चिरा हे ऐकलं, आणि झोप नीट येते का ते विचारलं. झोपेची गोळी दिली. हे सगळं मला तेराव्याच्या पंगतीत बसून कळलं, वाढणारी माणसं एकमेकांना सांगत होती, हसत नव्हती पण हसण्याच्या जवळच होती. बघा, शेवटी पण चिराच म्हणाला. मी पानावरून उठले.

चाळीस वर्षं त्याच्या औषधाला यांनी वेड म्हटलं. आणि ज्या दिवशी त्याला अगदी साधं, कोणालाही होतं तसं, छातीत दुखलं, तेव्हा त्यालाही वेडच म्हटलं. त्याच्या तोंडून निघालेलं एकही वाक्य यांनी साध्या माणसाचं म्हणून ऐकलं नाही. आता तो सुटला म्हणतात. त्याला वेढून कोण बसलं होतं ते एकदा आरशात बघा म्हणावं.

तेराव्यालाच भाई मला म्हणाला की पडलेल्या बाजूला दिवाळीआधी गवंडी पाठवतो, या वेळी सिमेंट भक्कम घालू, पाणी जायला पाइप ठेवू. तो रडला होता, डोळे सुजले होते, म्हणजे माणूस वाईट नाही. माणसं वाईट नसतात तेव्हा त्यांच्यावर रागावणं फार कठीण जातं, पण मी ते जमवलं. म्हटलं, तुझा गवंडी इथे आला तर मी त्याला चहा देईन आणि परत पाठवीन. भाईने वहिनीकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं आहे. दादाबद्दल काही ठरवायचं असलं की ती दोघं अशीच बघायची.

पाऊस गेला, भातं कापून झाली. मी आता एक दिवसाआड पूल ओलांडून जाते. पडवीत पंचा खुंटीवर आहे, पहार कोपऱ्यात आहे, मांजर आहे, तिला अजून पहिला तुकडा लागतो. छिन्नी-हातोडी घेऊन मी त्या ठोकळ्यांचं सिमेंट फोडते. चिरे सुटे करायला फार वेळ लागतो, काही फुटतात, माझे गुडघे बोलतात. जे सुटे झाले ते लावायला घेतले आहेत. मला येत नाही. पहिला थर दोनदा ढळला. परवा रस्त्यावरून जाता जाता सुमनवहिनी थांबल्या, डोक्यावर गवताचा भारा होता, आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "सुलूताई, आता तुमीपण?" संध्याकाळी भाईचा फोन, आवाज अगदी मऊ. "सुलू, बरी आहेस ना गो? झोप नीट येते ना?" मी फोन ठेवला.

काल तिसऱ्या थराला एक चिरा बसत नव्हता. एक कड फुटलेली, एक बाजू फुगीर. मी तो उभा करून बघितला, आडवा करून बघितला, उलटा केला, कपची घातली, काढली, पुन्हा हातात घेतला. दादाने कसा फिरवला असता ते आठवत होते, मग तेही आठवेनासं झालं, नुसता दगड राहिला आणि त्याचं तोंड कुठे आहे तेवढंच राहिलं. मग तो बसला. हाताने हलवून बघितला, हलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ मला कोणाचाही 'सुटला' ऐकू आला नव्हता. भाईचा नाही, सुमनवहिनींचा नाही, पंगतीतल्यांचा नाही. सगळे गडग्यापलीकडे उभे होते, गप. मी पाठ सरळ केली, पाणी प्यायले, आणि तो आवाज परत आला, राग परत आला, होता तेवढाच. मी खाली वाकले आणि पुढचा चिरा उचलला.